तीन हातांचा पाऊस

उन्हाळ्यात पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात गेलं की पाणी शिंपडण्याची कितीतरी कसबं दिसतात. पालेभाजीच्या गाळ्यावर कोणी ओंजळीने कोथिंबिरीच्या जुड्यांवर हबके मारतं. कोणी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या खिळ्याने भोकं पाडतं आणि बाटली उलटी धरून ढिगावरून फिरवतं. मला ही बाटली फार आवडते. थेंब बारीक पडतात, पान मोडत नाही, बाटली दाबली तर धार वाढते आणि सैल सोडली की थांबते. वर्षानुवर्षं ती बिघडत नाही, कारण तिच्यात फिरणारं काहीच नाही.

फिरणारं काही आलं की झीज आली. स्वस्तातल्या लॉन स्प्रिंकलरचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर ठरतं.

यार्डाच्या पलीकडे, बिबवेवाडीच्या अंगाला आमची सोसायटी आहे आणि तिच्यामागे हिरवळीचा एक चौकोन. त्यासाठी मी यार्डाजवळच्या एका दुकानातून तीन हातांचा प्लॅस्टिकचा स्प्रिंकलर आणला. नळी जोडून कॉक उघडला की तीन हातांतून पाणी तिरकं सुटतं आणि मागे ढकललं जाऊन हात गरागरा फिरतात. पाणी पुढे, हात मागे, इतकंच त्याचं शास्त्र. पण हाच फवारा पाण्यात बुडवून त्याच्या तोंडांतून पाणी आत ओढलं तर तो कोणत्या दिशेला फिरेल, या प्रश्नाने मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली आहे. अर्न्स्ट माख यांनी 1883 च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली. रिचर्ड फाइनमन यांनी प्रिन्स्टनला विद्यार्थी असताना प्रयोग मांडला आणि दाब वाढवता वाढवता काचेचं भांडंच फोडलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये मोजून दाखवलं की तो उलट फिरतो, पण नेहमीपेक्षा सुमारे पन्नास पटींनी हळू. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूत एवढं पदार्थविज्ञान भरलेलं असावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

दुकानात दुसरा प्रकारही होता, शेतात गहू-हरभऱ्याला लावतात तसला टकटक वाजणारा. कॅलिफोर्नियात ग्लेन्डोरा इथे ऑर्टन एंगलहार्ट या संत्र्या-लिंबांच्या बागाईतदाराने तो 1933 मध्ये घडवला. धारेत येणारा एक दांडा स्प्रिंगच्या जोरावर परत येऊन आदळतो आणि तोंड थोडंथोडं सरकवतो. यातली मेख त्या संथपणात आहे. फवारा फार वेगाने फिरला की धार मागे वाकते आणि पाणी लांब जात नाही. हळू फिरणारा दूर फेकतो. पण त्याला दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोचा दाब लागतो आणि तो आपल्याकडे येणार कुठून? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी फार तर सव्वा किलो देते. एवढ्या दाबावर दांडा कसाबसा हलतो, धार फुटत नाही आणि सगळं पाणी लांबवर एका कड्यात पडतं. मधली हिरवळ कोरडीच. गच्चीवरच्या टाकीला तीन हातांचा हलका फवाराच बरा, हे माझं ठाम मत आहे.

नळीकडे मात्र कोणी बघत नाही. अर्धा इंची लांब नळीत घर्षणाने दाबाचा मोठा भाग वाटेतच खर्च होतो. तेवढंच पाणी पाऊण इंची नळीतून नेलं तर हा तोटा साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. दुकानात स्प्रिंकलर बदलून मागणाऱ्या कितीतरी जणांनी खरं तर नळी बदलायला हवी होती.

आता टिकाऊपणाचं. हे फवारे एका दिवसात मरत नाहीत. आधी मानेपाशी, जिथे फिरता भाग स्थिर भागावर बसतो तिथे, थेंब थेंब गळायला लागतं. तिथे बहुतेकदा प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक फिरत असतं आणि वंगण म्हणून असतं ते फक्त पाणी. त्या पाण्यात बारीक कच आली की ती दोन्ही पृष्ठभाग खरवडते. फट वाढते, दाब मानेतूनच निसटतो, हात मंदावतात आणि एक दिवस थबकतात. आमच्या माळीमामांनी मोडक्या फवाऱ्याची मान नखाने कोरून मला आतली वाळू दाखवली होती. म्हणाले, “ताई, ह्यो पाण्यानं मरत न्हाई, वाळूनं मरतोय.” तेव्हापासून नळीच्या तोंडाशी जाळीचा वायसर बसला. धुवायला सोपा, मिळायला स्वस्त.

दुसरा मारेकरी ऊन. अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात, रंग उडतो, हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागते आणि मग जरा पिळलं की आटे तडकतात. काजळी मिसळलेलं काळं प्लॅस्टिक या उन्हात जास्त तग धरतं, पण गिऱ्हाईक उचलतं ते हिरवं-केशरी. तिसरा शत्रू आमच्या बोअरचं जड पाणी. कॉक बंद केल्यावर भोकाशी उरलेला थेंब सुकतो आणि क्षाराचं कडं ठेवून जातो. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलं की ते विरघळतं, उरलेलं सुईने निघतं. आणि पितळी फवारा? त्याला उन्हाचं भय नाही, पण कच त्यालाही सोडत नाही. जो फवारा उघडून साफ करता येतो आणि ज्याचा वायसर सुटा मिळतो, तो मला पितळेपेक्षाही मोलाचा वाटतो. चिकटवून बंद केलेला कितीही चकचकीत असो, मी घेणार नाही.

पाणी सगळीकडे सारखं पडतं का, हे डोळ्यांना कळत नाही. कॅलिफोर्नियातले सिंचन-संशोधक क्रिस्टियानसेन यांनी 1942 मध्ये त्यासाठी एक साधी रीत आणि सूत्र रूढ केलं: फवाऱ्याखाली समान अंतरावर डबे मांडायचे आणि प्रत्येकातलं पाणी मोजायचं. मी घरातल्या वाट्या मांडल्या. फवाऱ्याजवळच्या वाट्या भरत आल्या, कडेच्या वाट्यांत जेमतेम तळ झाकला आणि कोपऱ्यातल्या कोरड्या ठणठणीत राहिल्या. म्हणजे कोपरे जगवायला आम्ही रोज मधला भाग बुडवत होतो.

हे मला लागलं. एक गुंठा हिरवळीवर पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे पाचशे लिटर. याच शहराच्या अंगावरून मुठा उजवा कालवा खडकवासला धरणाचं पाणी हडपसर, लोणी, दौंड, इंदापूरकडे नेतो. त्या पट्ट्यातला भाजीपाला यार्डात येतो, आणि उन्हाळा आला की शहर आणि शेतकरी यांच्यात त्याच पाण्याच्या वाटणीवरून ओढाताण होते. आमचं पाणी कालव्याचं नसलं तरी जमिनीतलं आहे, आणि तेही कोणाच्या तरी वाटणीचं आहे. भर दुपारी वाऱ्यात फवारा चालू ठेवणं मला आता बघवत नाही.

फवाऱ्याचं पाणी गोल पडतं आणि आमची जागा चौकोनी आहे. चौकोनात बसणारं सर्वांत मोठं वर्तुळ काढलं तरी पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा बाहेरच राहते. मामांनी खुंटीला दोरी बांधून हिरवळीवर वर्तुळ आखलं आणि बाहेरचं गवत काढून टाकलं. कोपऱ्यांत कोरफड, जास्वंद, सब्जा आणि एक कढीपत्ता लावला आहे. त्यांना तांब्याने आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं. फवारा पहाटे अर्धा तासच चालतो, आणि मामांच्या खिशात एक जादा वायसर असतो.