सांध्यावरचं काम

चार जणांचा गट ठरला की कामाची वाटणी चहा संपायच्या आत होऊन जाते. एक जण फ्रंटएंड घेतो, दुसरा बॅकएंड, तिसरा डेटाबेस, आणि चौथीच्या वाट्याला डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी येतं. चौथी बहुतेक वेळा मुलगीच असते. ही वाटणी कानावर आली की माझ्या पोटात आजही कालवतं. इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेजर प्रोजेक्टचे गट सांभाळण्यात माझी नोकरी सरत आली, आणि एवढ्या काळात मला एकाच गोष्टीनं छळलं आहे: चारही भाग आपापल्या जागी सुरळीत चालतात आणि जोडले की चालेनासे होतात.

कोड जमला नाही म्हणून पडलेले प्रोजेक्ट मी फार थोडे पाहिले. पडतात ते सांध्यावर. सदस्य क्रमांक स्क्रीनवर ००४२ असा भरला जातो, सर्व्हरवर जाताना त्याचा निव्वळ आकडा होतो, पुढची शून्यं गळतात, आणि मग तो सदस्य कुणालाच सापडत नाही. स्क्रीनवाला म्हणतो, मी बरोबर पाठवलं. सर्व्हरवाला म्हणतो, मी बरोबर घेतलं. दोघंही खरंच बोलत असतात. 'मॅडम, मेरे लैपटॉप पे तो चल रहा है,' हे वाक्य दर वर्षी वेगळ्या तोंडून येतं. चुकीला मालक नसतो, कारण ती ज्या जागेत घडते ती जागा वाटणीत कुणालाच दिलेली नसते.

मेल्व्हिन कॉन्वे यांचा १९६८ चा एक लेख मी वर्गात सांगते. माणसं जी व्यवस्था उभारतात तिची रचना त्यांच्या आपसातल्या बोलण्याचालण्याच्या रचनेबरहुकूम होते, हे त्यांचं म्हणणं. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नं सिद्धता नाही म्हणून तो लेख परत केला, मग 'डेटामेशन' मासिकानं छापला, आणि १९७५ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी आपल्या 'द मिथिकल मॅन-मन्थ' या पुस्तकात त्याला कॉन्वेचा नियम म्हटलं. मला सिद्धतेसाठी लांब जावं लागत नाही. भंवरकुआ भागात एका खोलीत राहणाऱ्या दोघांच्या भागांमधला सांधा घट्ट निघतो. ज्या दोघांचं बिनसलं आहे, त्यांच्या भागांच्या सीमेवर लॉगिन दुसऱ्यांदा मागितलं जातं. गटाचं काम उघडून चार स्क्रीन पाहिल्या की कोण कुणाशी बोलत नाही हे मला कळतं, आणि ते मी मुलांसमोर बोलूनही दाखवते. त्यांचे चकित झालेले चेहरे मला आवडतात. विद्येपेक्षा त्यात मिरवणंच जास्त आहे, हे मला ठाऊक आहे.

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि पाहता पाहता ही ओळखण्याची खूण पुसट झाली. आता प्रत्येकाचा भाग यंत्र लिहून देतं, नीटनेटका, टिपांसकट. सिनॉप्सिसची भाषासुद्धा गुळगुळीत. मुलं आळशी झाली अशी तक्रार स्टाफरूममध्ये रोज ऐकते. मला ती पटत नाही. रात्र रात्र जागतात पोरं. माझी काळजी निराळी आहे. पूर्वी बॅकएंडवाला अडला की शेजारच्याला विचारायचा, 'तू तारीख कशी पाठवतोस रे?' त्या एका प्रश्नातून निम्मा सांधा जुळून जायचा. आता अडला की तो यंत्राला विचारतो, आणि यंत्र त्याला तारखेचं उत्तम उत्तर देतं, फक्त त्याच्या मित्राचं उत्तर देत नाही. अडण्यातून जे बोलणं व्हायचं तेच आटलं. चार सुंदर भाग, आणि मधे पूर्वीपेक्षा रुंद फट.

यंदाच्या एका गटातल्या मुलीनं मला हे वेगळ्या बाजूनं पाहायला लावलं. काम होतं इथल्याच एका छोट्या मराठी वाचनालयाच्या देवघेवीचं. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली. दरबाराच्या आधारानं इथे स्थिरावलेल्या मराठी वस्तीची वाचायची हौस अजून टिकून आहे. गटात ही एकटीच मराठी. बाकीचे तिघं हिंदी घरांतले. वाटणीत तिला रिवाजाप्रमाणे डॉक्युमेंटेशन आलं होतं. तिनं ते काम शब्दशः घेतलं आणि वाचनालयाच्या टेबलाशी जाऊन बसली. तिघं कोड जमवत होते तेव्हा ही वाचनालय सांभाळणाऱ्या काकांच्या दाखल नोंदवहीची पानं न्याहाळत होती.

मी फळ्यावर नेहमीप्रमाणे तक्ते काढून दिले होते. पुस्तकाचा एक तक्ता, प्रतींचा दुसरा. 'मृत्युंजय'च्या पाच प्रती असल्या तरी पुस्तक एकच, प्रती पाच. हे वेगळेपण मुलांच्या डोक्यात उतरवणं हा माझ्या शिकवण्याचा मानबिंदू. जुने विद्यार्थी भेटले की अजून त्याची आठवण काढतात आणि मी दिवसभर खुशीत असते. ही मुलगी आली आणि म्हणाली, 'मॅडम, काकांकडे पुस्तक नावाची गोष्टच नाहीये. नंबर आहे.' नोंदवहीत दर ओळीला एक दाखल क्रमांक, त्यापुढे नाव, लेखक, किंमत. 'मृत्युंजय' पाच वेळा लिहिलेलं, पाचही ठिकाणी थोडं निराळं. एकात लेखक 'शिवाजी सावंत', दुसऱ्यात 'सावंत शि.', तिसऱ्यात फक्त 'सावंत'. हरवलेल्या पुस्तकाच्या ओळीवर लाल शाईची रेघ आणि बाजूला 'निर्लेखित'. तो क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही. आणि काकांना विचारलं की 'मृत्युंजय' आहे का, तर ते कुठली प्रत द्यायची ते समोरच्या माणसाकडे पाहून ठरवतात. ज्या प्रतीची बांधणी सुटत आली आहे, ती घाईत वाचणाऱ्याच्या हाती ते देत नाहीत.

तिनं एकच तक्ता ठेवायचा ठरवला, दाखल क्रमांकाचा. मी विरोध केला, चांगला जोरात. ती तिघांना घेऊन आली आणि तिनं एक अट घातली: आधी एकच पुस्तक दाखल होऊन, एका सदस्याला दिलं जाऊन, परत येऊन, शेवटी निर्लेखित होईपर्यंतचा सगळा प्रवास चौघांनी एका टेबलाशी बसून करायचा. दुसरी एकही स्क्रीन तोवर करायची नाही. ना डॅशबोर्ड, ना रंग.

या एका पुस्तकानं त्यांना जे बोलायला लावलं ते माझ्या इतक्या वर्षांच्या वाटण्यांनी कधी लावलं नव्हतं. पुस्तक निवडलं होतं पु. ल. देशपांड्यांचं 'वाऱ्यावरची वरात'. दाखल झालं, यादीत दिसू लागलं, आणि शोधलं तर सापडेना. यादीतलं नाव आणि शोधाच्या चौकटीतलं नाव शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्यांना तीळमात्र फरक दिसत नव्हता. फरक पोटात होता. 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आकार एकच, यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. एकानं फोनवर टाइप केलं होतं, दुसऱ्यानं जुन्या यादीवरून उचललं होतं. ती यादी एके काळी कृतिदेवमध्ये टाइप झालेली. तो फॉन्ट नसला की सगळी यादी रोमन अक्षरांचा ढीग दिसते, त्यात 'य'च्या जागी अर्धविराम. कुठल्याशा साधनानं ती युनिकोडमध्ये आणताना हे झालं. युनिकोडचं जे प्रमाणीकरण सगळे वापरतात ते र आणि नुक्ता यांचा ऱ करून देतं, पण या जोडचिन्हाच्या वाटेला हात लावत नाही. तो नियम हातानं लिहावा लागतो.

मग खरा वाद सुरू झाला: लिहायचा कुणी? फ्रंटएंडवाला म्हणाला, हे डेटाचं काम. डेटाबेसवाला म्हणाला, मला जे येतं ते मी ठेवतो. बॅकएंडवाल्याला मुळात ऱ आणि र यांत फरक का करायचा हेच कळेना. हिंदीत तो लागत नाही. मी शेजारी बसून गप्प राहिले, आणि गप्प राहणं मला फार जड गेलं. शेवटी तिनं एक छोटं फंक्शन लिहिलं. नाव साठवतानाही त्यातून जाणार आणि शोधाचा शब्दही त्यातूनच. ते कुणाच्याच फोल्डरमध्ये ठेवलं नाही. चौघांच्या मिळून एका नव्या फोल्डरमध्ये ठेवलं, आणि तिथे कुणी काही बदललं तर बाकी तिघांनी वाचल्याशिवाय ते मुख्य शाखेत जाणार नाही असं ठरलं. गिटहबवर ही सोय पूर्वीपासून आहे. माझ्या गटांत ती कुणी या कामासाठी वापरलेली मी पाहिली नव्हती.

असं एका टेबलाशी बसायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे सगळ्यांची धाव हॅकेथॉनकडे असते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांचा गट लागतो, त्यात एक तरी मुलगी हवी हा नियम मला मनापासून पटतो. पण अंतिम फेरीच्या छत्तीस तासांत सहा माणसांच्या पंधरा जोड्यांनी एकमेकांशी काय बोलावं? चौघांच्या सहाच जोड्या होतात, त्यासुद्धा वर्षभरात पुऱ्या बोलत नाहीत. त्या घाईत डेमो उभा राहतो, टाळ्या मिळतात, आणि मुलांना वाटतं असंच बांधायचं असतं. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, महापालिकेचं ३११ ॲप लोकांच्या हातात आलं, तेव्हापासून निम्मे गट कचऱ्याच्या तक्रारींचं ॲप घेऊन येतात. विषय वाईट नाही. पण त्यांतला एखादाच गट कचरागाडीबरोबर एक सकाळ फिरून आलेला असतो. आणि तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकणारे तर या शहरात उघड धंदा करतात. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर माझा तोल जाईल.

वाचनालयात ते ॲप आता चालतं. काका दाखल क्रमांक टाकतात, बाकीचं आपोआप भरतं. व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नलनं मात्र पहिला प्रश्न तोच विचारला: पुस्तक आणि प्रत यांचे तक्ते वेगळे का नाहीत? मला आतून गुदगुल्या झाल्या. माझीच बाजू कुणीतरी मांडत होतं. तिनं शांतपणे नोंदवहीचा फोटो समोर ठेवला आणि सांगितलं की याच्या पलीकडचं काही आम्ही गृहीत धरलं नाही. त्यांचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही. उद्या दुसरं वाचनालय जोडायचं म्हटलं की एका तक्त्यावर भागणार नाही, हे मी तिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, तेव्हा त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू.

पुढच्या बॅचच्या सिनॉप्सिसमध्ये मी मॉड्यूलची यादी घेणार नाही. एका वस्तूचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास लिहून आणा, चौघांच्या सह्यांनिशी, असं सांगणार आहे. विभागात याला विरोध आहे, कारण गुण मॉड्यूलवारी द्यायचे असतात आणि कुणी काय केलं ते वेगळं दिसलं पाहिजे. तो आक्षेप खोटा नाही. त्या सामाईक फोल्डरचे गुण कुणाला द्यायचे, यावर मी अजून विचार करते आहे. त्यातलं फंक्शन त्या मुलीनं लिहिलं, पण 'हिंदीत लागत नाही, मग हा फरक का करायचा?' असं बॅकएंडवाल्यानं विचारलं नसतं तर तो नियम दोन्ही भाषांना चालेल असा झाला नसता, आणि गुणपत्रिकेत त्याच्या त्या प्रश्नाला रकाना नाही.