पेबल की पॅसिफिक ग्रोव्ह?

दोन आठवडे आमचं एवढंच चाललं होतं. मॉन्टरेच्या किनाऱ्यावर गोल्फ खेळायचं हे नक्की, पण कुठे? मित्राचं एकच, पेबल बीच. २००० सालची यूएस ओपन टायगर वुड्सने १५ स्ट्रोक्सनी जिंकली ते हेच मैदान! मी एक्सेल उघडून बसलो (सवय, दुसरं काय). फी माणशी सहाशे डॉलरच्या वर, कॅडी वेगळा. "मी भरतो रे," म्हटलं तर साहेब गप्प.

त्याची नोकरी गेली होती. एच-वन-बी, म्हणजे हातात ६० दिवस, त्यातले ४१ संपलेले. पुण्याचं तिकीट काढून झालं होतं.

शेवटी तोच म्हणाला, पॅसिफिक ग्रोव्हला जाऊ. ते गावाचं सार्वजनिक मैदान, फी पेबलच्या पावपटही नाही. पहिली नऊ होल्स घरा-झाडांमधून जातात, ठीकठाक. पण मागची नऊ! वाळूच्या टेकड्या, १८५५ चं पॉइंट पिनोसचं दीपगृह, आणि वारा असा की सरळ मारलेला चेंडू भलतीकडेच. हा भाग आखला जॅक नेव्हिलने, १९६० मध्ये. पेबल बीच आखणाऱ्या दोघांतला एक तोच. हे सांगितल्यावर मित्र त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "म्हणजे पेबलच की, पालिकेच्या दरात!"

सतराव्या होलवर त्याचा चेंडू झुडपांत गेला. दुसरा घे म्हटलं, तर ऐकेना. बराच वेळ शोधत राहिला, समुद्राकडे तोंड करून. मागच्या ग्रुपला मी हातानेच खुणावलं, तुम्ही व्हा पुढे.