३१ ऑगस्टचा फळा

शाळेच्या परिपाठातून दिनविशेष काढून टाकावा, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. शिक्षकांच्या बैठकीत म्हणालो, मुख्याध्यापकांपाशी म्हणालो, नव्यानं लागलेल्या शिक्षकांनाही पटवून दिलं. आज माझं मत नेमकं उलट आहे. ते कसं पालटलं हे मोकळेपणानं सांगायला हवं, कारण आधीचं मतही मी विचार करूनच बनवलं होतं.

परिपाठ सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार आणि मग दिनविशेष. ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी मोबाइलवरून उतरवून आणतो, फळ्यावर लिहितो आणि घडाघडा वाचून मोकळा होतो. ३१ ऑगस्टचंच घ्या. मारिया माँटेसरी यांचा जन्म १८७०, अमृता प्रीतम यांचा १९१९, ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा १९४०. मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) स्वतंत्र झाला १९५७ साली. राजकन्या डायना गेली १९९७ साली. यांचा एकमेकांशी काय संबंध? इतिहास म्हणजे अमुक का घडलं आणि त्यातून पुढे काय झालं, हे समजून घेणं. तारीख जुळणं हा निव्वळ योगायोग. त्यापेक्षा तीच पाच मिनिटं मुलांना गोष्टीचं पुस्तक वाचू द्यावं, असं माझं म्हणणं होतं.

३१ ऑगस्ट २०१९ हा शनिवार होता. आदल्या दिवशीच पोळा झालेला. सकाळच्या परिपाठात अमृता प्रीतम यांच्या जन्मशताब्दीची ओळ वाचली गेली. त्यानंतर पावणेदहाच्या सुमारास शिरपूरजवळच्या वाघाडी शिवारात रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. धुराचे लोट लांबून दिसत होते. डझनभराहून अधिक माणसं गेली, कितीतरी होरपळली. आपल्याच तालुक्याचं नाव देशभरच्या बातम्यांत अशा कारणानं ऐकणं फार जड गेलं.

पुढच्या वर्षी ती तारीख आली तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या. २०२२ साली त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. म्हणून २०२३ साली, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टचा भरलेला फळा मी नीट पाहिला.

आमच्या फळ्यावर तीन रकाने असतात : जन्म, मृत्यू, घटना. त्या दिवशी पाळी आठवीतल्या एका मुलीची होती. तिनं मोबाइलवरच्या ओळी उतरवल्या होत्याच, पण खाली स्वतःच्या मनानं एक ओळ जोडली होती : ‘२०१९ – वाघाडी स्फोट’. ती ओळ आधी ‘मृत्यू’च्या रकान्यात लिहून पुसलेली दिसत होती, खडूचा पांढुरका डाग तसाच राहिला होता. मग ती ‘घटना’त गेली. मी विचारलं, जागा का बदलली? ती म्हणाली, “सर, मृत्यूच्या खाली नाव लिहावं लागतं. मला नावं माहीत नाहीत.”

शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. एक सहकारी म्हणाल्या, ज्यांच्या घरातलं माणूस त्यात गेलं अशी मुलं शाळेत असतील, त्यांच्यापुढे हे वाचू नये. त्यांची काळजी खरी होती. दुसऱ्यांचं म्हणणं, दिनविशेषात विशेष काहीतरी हवं, अपघात कशाला? हा दुसरा मुद्दा ऐकताना माझ्याच जुन्या मताला मी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. प्रसिद्ध माणूस गेला की त्याच्या नावानं ओळ पडते. मजूर गेले की त्यांचा आकडा होतो आणि तोही ‘घटना’त जातो. हे आपोआप घडत नाही, यादी करणारा ते ठरवत असतो. मग ती यादी आपण का करू नये?

ओळ फळ्यावर राहिली. माझं मत मात्र एका दिवसात पालटलं नाही. त्याला हजेरीपटानं आणखी हलवलं.

आमच्या जुन्या दाखल्यांत पाहाल तर निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी १ जून टाकली आणि तीच कागदोपत्री कायमची झाली. माणसांच्या स्वतःच्या खुणा वेगळ्या. गावाकडची एखादी आजी अजून सांगते, “तापीले पूर उना व्हता, तवयना जलम शे मना.” असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंचा जन्मही लोक १८८० सालच्या नागपंचमीचा म्हणून सांगतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी उतरवून ठेवली नसती आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली ती छापून आली नसती, तर त्यांचा दिवस कुठल्याच फळ्यावर आला नसता. तारीख असणं हीसुद्धा मिळालेली गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांना मिळालेली नाही.

मग ३१ ऑगस्टचीच आणखी एक ओळ हाती लागली, जी मुलांच्या मोबाइलवरच्या यादीत मला कधी दिसली नव्हती. १९५२ साली याच दिवशी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. इंग्रजांनी १८७१ साली आणलेल्या या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या माणसांना पोलिसांत हजेरी लावायला लावली. तांड्यांवरची नि पारध्यांच्या वस्तीवरची मुलं ज्या शाळांत बसतात, तिथं जन्माच्या रकान्याशेजारी ही ओळ असायलाच हवी.

तेव्हापासून आम्ही खानदेशाची वेगळी वही केली आहे. ३१ जुलैला प्रेमचंदांचा जन्म आणि मोहम्मद रफींचा मृत्यू लिहितोच, पण बाबासाहेब १९३७ साली धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते आणि त्या आठवणीसाठी आजही या दिवशी तिथं लोक जमतात, हेही लिहितो. २१ फेब्रुवारी १९३२ पासून धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले नि साने गुरुजी ते उतरवून घेऊ लागले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात गेले. तो पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या दहावीतल्या मुलांएवढा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईची गोदी स्फोटांनी हादरली, त्याच दिवशी शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. साताऱ्याची माणसं इथवर का आली, हा प्रश्न एका मुलानं विचारला आणि पुढचे दोन तास त्यावरच गेले.

इथं माझ्या जुन्या आक्षेपातला खरा भाग मी अजूनही सोडलेला नाही. नुसती तारीख काही शिकवत नाही. पण ती प्रश्नाला तोंड फोडते, आणि वर्षातून एकदा न चुकता फोडते. ३ डिसेंबरला बहिणाबाईंचा स्मृतिदिन येतो आणि त्याच तारखेला भोपाळची वायुदुर्घटनाही येते. भोपाळची ओळ वाचली की मुलं वाघाडीचं नाव काढतात. कारखान्यात काय साठवतात, शेजारी कोण राहतं, सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हे विचारू लागतात. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला शिकवता आलेला नाही.

नावांचा प्रश्न मात्र उरलाच आहे. गेलेल्यांची नावं फळ्यावर लिहावीत की नाहीत, हे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, असं आम्ही मानतो. त्या सहकारी बाईंचं म्हणणं मी आता पूर्ण मान्य करतो : वाचण्याआधी वर्गात कोण बसलं आहे ते पाहावं. पण त्यासाठी ओळ पुसू नये. इतर शाळांतल्या शिक्षकांनाही माझं एवढंच सांगणं आहे. दिनविशेष काढू नका. त्यात आपल्या तालुक्याची निदान एक ओळ घाला, गावातल्या जाणत्यांकडून ती खात्रीनं तपासून घ्या, आणि ‘हे का झालं’ असं मुलानं विचारलं तर त्या दिवशीचा पहिला तास त्याला देऊन टाका.