हरलेल्या दुरुस्त्या

भातकुली तालुक्याचा इतिहास जुळवायचा तर सभागृहाच्या कार्यवाहीचे खंड चाळावेच लागतात, आणि ते चाळताना आमचा खारपाण पट्टा आडवा येतोच. प्रश्नाचा साचा ठरलेला: 'हे खरे आहे काय?' उत्तराचाही ठरलेला: 'हे अंशतः खरे आहे', नाहीतर 'प्रश्न उद्भवत नाही'. अमुक तारखेला मंत्र्यांनी असं सांगितलं, एवढं त्यातून पक्कं होतं. विहिरीचं पाणी काही त्यानं गोडं होत नाही. त्यासाठी भूजलाचे कागद बघायचे आणि बांधावर जाऊन विचारायचं.

खरी कसोटी लागते ती संविधान सभेच्या खंडांत. ११ ऑगस्ट १९४९ ला नागरिकत्वाच्या कलमावर आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख, उभे राहिले. छापील नावापुढे कंसात मध्यप्रांत व वऱ्हाड. मसुद्यातल्या कलमानं नागरिकत्व फार स्वस्त होतंय, हा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या कुठल्याही देशाचा नागरिक नसलेला हिंदू वा शीख कुठंही राहत असो, त्याला भारताचा नागरिक होता यावं, ही त्यांच्या दुरुस्तीतली एक तरतूद. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पडली. आज कुणी तेवढाच परिच्छेद कापून मिरवतो, तर कुणी तो गाळून भाऊसाहेबांची जयंती साजरी करतो. १२ ऑगस्टचं नेहरूंचं भाषण दोघांनीही वाचलेलं नसतं.

मला या खंडांचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. हरलेल्याचं म्हणणं त्यांत सविस्तर उतरलंय. जिंकलेल्यांचं तसं नाही. बऱ्याच कलमांचा निकाल काँग्रेस पक्षाच्या बैठकांत आधीच लागलेला असे, आणि तिथं सभागृहाचा लघुलेखक बसत नव्हता. त्यात आवाजी मतदान झालं की कागदावर उरते ती फक्त 'नामंजूर' अशी नोंद. किती जण 'होय' म्हणाले, त्यात कोण कोण होते, पत्ता नाही. तरी 'सभागृह एकमुखानं विरोधात गेलं' असं लोक बिनदिक्कत लिहितात. असं वाक्य दिसलं की माझी पेन्सिल थांबतेच.

या बाबतीत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे सोयीचे. कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसायचे आणि डायरीही लिहायचे. छापील भाषणाशेजारी त्या दिवसाचं पान ठेवून बघावं. भाऊसाहेबांच्या दुरुस्तीसाठी मात्र मी अजून त्या आठवड्याची वर्तमानपत्रं आणि इतर सभासदांची पत्रं धुंडाळतोय.