बजेट दहा हजार फक्त

परवा शनिवारी तो शेवटी रस्त्यावर चालला. म्हणजे मी वर उभा होतो आणि तो चालला! आमच्या ले-आउटमधला आतला रस्ता, सकाळचे सहा, अंतर असेल शे-सव्वाशे मीटर. समोरच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्या तांब्या हातात धरून बघतच राहिल्या.

तर, इलेक्ट्रिक स्केटबोर्ड. हे खूळ जुनं आहे. बूस्टेड नावाच्या अमेरिकन कंपनीनं २०१२ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून असे बोर्ड काढले, तेव्हापासूनचं. किंमत बघून तेव्हा टॅब बंद केली होती. २०२० मध्ये कंपनीच बंद पडली, माझं "घेऊ कधीतरी" चालूच. या उन्हाळ्यात ठरवलं, घरीच करायचा. बजेट दहा हजार.

नागपुरात हे करायला एक बरं आहे. इथे इ-रिक्षा भरपूर, मे २०१७ मध्ये ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रयोगही इथेच सुरू झाला होता. त्यामुळे मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल असं विचारलं तर दुकानदार वेड्यासारखं बघत नाही. मी एमवाय १०१६ नावाची मोटर घेतली. २४ व्होल्ट, २५० वॉट, मिनिटाला २६५० फेरे. मोटरवर ११ दात, चाकावर ३० दात, चाक ८३ मिलिमीटरचं. गुणाकार केला तर ताशी १५ किलोमीटर निघतात. मला पुरे. (आपल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवरून इतक्या छोट्या चाकावर यापेक्षा जोरात जाऊन बघाच एकदा.) रिमोट परवडत नव्हता, म्हणून इ-बाइकचा अंगठ्याचा थ्रॉटल वायरला लावून हातात धरला. लांबून कुत्रा फिरवायला निघाल्यासारखं दिसतं. असो.

फळी बारा मिलिमीटर प्लायचे दोन थर चिकटवून केली. चाकाला स्प्रॉकेट बसवायला हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी चाक उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय करून राहिले भाऊ? पोराची गाडी का?"

"हो, भाच्याची," मी ठोकून दिलं. चाळिशीच्या माणसानं काय सांगायचं?

भाचा खरोखरच आला, पुण्याहून, सुट्टीला. आणि इथून पुढे जे झालं ते लिहायला जरा लाज वाटते.

बॅटरीवर मला पैसे वाचवायचे होते. चार जुन्या लॅपटॉप बॅटऱ्या फोडल्या, चोवीस सेल निघाले, त्यातले एकवीस घेऊन तीन-तीनचे सात गट केले. मोटर पूर्ण जोरात असली की साधारण तेरा अँपिअर ओढते, म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या प्रत्येक सेलवर चार-साडेचार. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर चार फेऱ्या मारल्या, खूश होऊन खाली आलो आणि पॅक तसाच गरम असताना चार्जिंगला लावला. बाहेर पारा चव्वेचाळीस. लिथियम आयन सेल पंचेचाळीसच्या वर चार्ज करू नयेत, हे मला माहीत होतं. बरं, चार्जर लावला कुठे? भाचा झोपला होता त्या खोलीत, कारण कूलर तिथे होता.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत. पाणी प्यायला उठले आणि दारातच थांबले. "कायचा वास येतोय रे?"

पॅकला हात लावला तर ठेवता येईना. बाबांनी आधी प्लग काढला, मग भाच्याला उठवून बाहेर काढलं. बांधकामाची रेती होती, त्या घमेल्यात पॅक टाकून मी गच्चीवर नेला. आग लागली नाही. काहीच झालं नाही खरं तर. संध्याकाळी मीटर लावला तेव्हा सातातला एक गट बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता आणि त्यातल्या एका सेलचं वेष्टण करपलेलं होतं.

बाबांनी एकच विचारलं, "फ्यूज कुठाय?"

नव्हता. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडवर "टेस्ट कुठे आहेत?" अशी कॉमेंट टाकणारा मी, वीस रुपयांचा फ्यूज लावला नव्हता. बाबा त्यावर काहीही बोलले नाहीत. दोन दिवस. ताईला मीच फोन करून सांगितलं, आणि ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ नवे सेल आहेत, सहा अँपिअर-अवरचे. जड आहेत, पण उष्णता जास्त सोसतात. वीस अँपिअरचा फ्यूज आहे, पॅक तापला तर चार्जिंग तोडणारा सेन्सर आहे, आणि चार्जिंग फक्त पहाटे, गच्चीवर, मी शेजारी बसून. सेल जोडताना बाबा स्टूल घेऊन बसले होते, प्रत्येक सांधा ओढून बघत. एकूण खर्च तेरा हजार चारशे.

शनिवारी भाच्यानं विचारलं, "मामा, मी एक चक्कर?" नाही म्हटलं. कारण याला अजून ब्रेक नाही, माझा कंट्रोलर फक्त पळवतो. मी उजवा पाय घासून थांबतो, बुटाचा तळ बघण्यासारखा झालाय. त्याची शाळा १५ जूनला उघडते, तेव्हा हातात फार दिवस नाहीत.

काल पुन्हा हिंगण्याला जाऊन आलो. ब्रेकची पट्टी कशी बसवायची ते कागदावर काढून नेलं होतं. लेथवाल्या भाऊंनी ओळखलं.

"आवडली का पोराला गाडी?"

"अजून दिली नाही," म्हटलं.