ब्रेकचे किंचाळणे

माझा धाकटा भाऊ चंडीगडच्या आयटी पार्कात नोकरी करतो. गेल्या श्रावणात आईला घेऊन मी त्याच्याकडे राहावयास गेलो होतो. संध्याकाळी त्याच्या कचेरीच्या फाटकाशी उभा राहिलो, की मोटार दिसण्याआधी तिचे किंचाळणे ऐकू येई. माणसे वळून पाहत आणि भाऊ ओशाळून जाई. आठवड्यापूर्वीच त्याने ब्रेकचे नवे पॅड बसवून घेतले होते. “नवे आहेत, रुळतील,” असे सांगून कारागिराने त्याची बोळवण केली होती. मला मात्र धास्ती वाटत होती. कारण आईला कसौलीस न्यावयाचे होते, आणि तो रस्ता घाटाचा.

मग जवळच मणिमाजऱ्याच्या मोटार बाजारात एका वृद्ध सरदारजींकडे गेलो. त्यांनी चाक उतरविले. पॅड तबकडीवर घासताना क्षणात चिकटतो, क्षणात सुटतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडले म्हणजे तो थरथरतो आणि तोच थरकाप आपल्याला ऐकू येतो. दुखणे जुने आहे. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हाही धातूवर धातू घासून असाच कर्कश आवाज होई.

उपाय एवढाच, की पॅडला थरथरावयास वाव ठेवावयाचा नाही. आमच्या गाडीत पॅड ज्या खाचांत बसतात तेथे गंज तसाच होता, जुन्याच क्लिपा पुन्हा लावल्या होत्या, आणि पॅडमागची पातळ पत्री तर गायबच होती. सरदारजींनी तारेच्या ब्रशाने गंज काढला, नव्या क्लिपा व पत्र्या बसविल्या आणि सरकत्या पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लावले. साध्या ग्रीसने तेथील रबर फुगते.

दुसऱ्या, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसच्या पुडीवर बारीक इंग्रजी मजकूर होता. भाषांतर हा माझा पेशा, मी उत्साहाने हिंदीत सांगितले, “पॅडपर लगाइए.” सरदारजी हात थांबवून हसले. “बाबूजी, पॅडपर नहीं, पॅड के पीछे! आगे लगाया तो गाड़ी रुकेगी किससे?” मी पुडी पुन्हा वाचली. ‘मागील बाजूस’ हे शब्द तेथे स्वच्छ होते. मीच ते गाळले होते. आमच्या धंद्यात शब्द गळला तर पुढील अंकात शुद्धिपत्र छापता येते. कसौलीच्या उतारावर ते कोठे छापणार? आई मागच्या बाकावर बसून जपमाळ ओढीत होती, हे आठवून अंगावर काटा आला. ग्रीस लावावयाचे ते पाठच्या पत्र्याला, तेही पुसट. घासणाऱ्या बाजूस त्याचे बोटसुद्धा लागता कामा नये.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. जुने झालेले पॅड किंचाळू लागले तर तो आवाज दाबू नये. कित्येक पॅडांना मुद्दाम धातूची जीभ बसविलेली असते. पॅड झिजत आला की ती तबकडीला घासून इशारा देते. तेव्हा पॅडच बदलावेत.

नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत वेग उतरवावयाचा, पुरते थांबावयाचे नाही, मध्ये ब्रेक निवू द्यावयाचे, असे आठ-दहा वेळा केले. त्याने पॅडचा पातळ, सारखा थर तबकडीवर बसतो.

कसौलीहून सुखरूप परतलो. दुसऱ्या सायंकाळी फाटकाशी उभा होतो. भावाची गाडी शेजारी येऊन थांबली तरी मला कळले नाही. शेवटी त्यालाच भोंगा वाजवावा लागला.