हत्यार कोणाच्या हाती?

आपल्या शहरात सायकल म्हणजे शौक नव्हे, पोट आहे. मुकुंदवाडीहून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार काय आणि नागसेनवनातल्या कॉलेजात जाणारी पोर काय, दोघांचाही दिवस दोन चाकांवर चालतो.

यंदा आमच्या मुलीच्या गिअरच्या सायकलचे मागचे दोन स्पोक तुटले, तेही साखळीच्या बाजूचे. ते बसवायचे तर दातेरी चकत्यांचा जुडगा उतरवावाच लागतो. एका दुकानात छिन्नी-हातोडा पुढे आला. आम्ही चाक परत घेतले. घाव घालून आतल्या खाचा मोडल्या की मग कोणतेच हत्यार त्यात बसत नाही आणि नवा जुडगा घ्यावा लागतो.

मग आम्ही नवरा-बायकोने हे काम समजून घेतले. जुडगा दोन तऱ्हेचा असतो. चाक खोलून चकत्या उलट्या फिरवाव्यात. आतले खाचांचे कडे जागेवरच राहिले तर ते आट्यांवर बसवलेले फ्रीव्हील. कडेही सोबत फिरले तर ती कॅसेट. साध्या काळ्या सायकलला फ्रीव्हीलच असते. स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींनाही बहुधा तेच.

फ्रीव्हीलला खाचांत बसणारा एक खोलणी पाना आणि मोठा पाना पुरतो. पॅडल मारून मारून ते घट्ट होत जाते, म्हणून जोर मात्र लागतो. खोलणी निसटू नये म्हणून वरून आसाचा नट हलका लावावा आणि पहिला हिसका बसला की काढून घ्यावा. कॅसेटला दुसरी खोलणी लागते, शिवाय चकती धरून ठेवायला साखळीचा चाबूक. हा चाबूक घरी बनतो : लोखंडी पट्टीला भोके पाडून जुन्या साखळीचा तुकडा जोडला की झाले. खोलणी मात्र चांगल्या पोलादाचीच घ्यावी. दोन्ही खोलण्या दिसायला सारख्या, पण मापात किंचित फरक असतो. म्हणून चाक सोबत घेऊनच दुकानात जावे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पान्याचे काय कौतुक? मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धाग्याला तोंड लावावे लागते, तो विटाळतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कष्ट आपले आणि कसब दुसऱ्याचे, ही वाटणी नुसती दैवाने आलेली नव्हती. ती केलेली होती. म्हणून हत्यार ओळखणे आणि ते नीट चालवणे आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही.

एका घराला असा संच वर्षातून एखाद्या वेळी लागतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी वर्गणी काढून तो घेतला आणि विहाराच्या कपाटात ठेवला. नेणाऱ्याने वहीत नाव लिहायचे आणि पुसून परत ठेवायचे. रविवारी वंदनेनंतर मुलामुलींना चाक खोलायला शिकवतो. मुली मागे नाहीत. परवा आमच्या पोरीनेच शेजारच्या काकांचे फ्रीव्हील उतरवले. काका नुसते चाक धरून उभे होते.

आपल्या विहारातही एक कप्पा हत्यारांसाठी ठेवून पाहावा. जय भीम!